वाळूचं जाकीट

नाटक मुलांचं होतं आणि त्यातला चंद्र लाकडाचा होता. कोर चांगली जाडजूड, चंदेरी रंगाची, आणि तिच्या खोलगट भागात बसून वर जाणारी बाई म्हणजे मामी. चांदोबा सगळ्यांचा मामा, मग त्याच्या घरी मामी असणारच, एवढाच लिहिणाऱ्याचा साधा विचार. पहिल्या अंकाच्या शेवटी निळा उजेड पडायचा, मामी हातातला कंदील उंच धरायची, "झोपा रे भाच्यांनो" म्हणायची आणि चंद्र डुलत डुलत आभाळात चढायचा. पोरं आ वासून बघत राहायची.

चंद्र चढायचा तो दोरमास्तर उतरायचे म्हणून. रंगमंचाच्या मागच्या भिंतीला एक उंच शिडी होती, शिडीच्या टोकाला फळ्यांचा माळा आणि माळ्याच्या वर मोठी कप्पी. दोराचं एक टोक चंद्राला, दुसरं मास्तरांच्या कमरेच्या पट्ट्याला. इशारा झाला की मास्तर माळ्यावरून पाऊल पुढे टाकायचे आणि लोंबकळत सावकाश खाली यायचे. ते जितके खाली, तितका चंद्र वर. खाली त्यांचा मेहुणा चंद्राला बांधलेला जादाचा दोर हातात धरून उभा असायचा, पण तो आपला आधाराला. खरं काम वजनाचं. मामीसकट चंद्र जितका भरेल त्यापेक्षा मास्तर जराच जड हवेत. कमी पडले तर चंद्र जागचा हलणार नाही आणि फार झाले तर बाणासारखा सुटेल.

मामीचं काम करणारी बाई मास्तरांची बायको होती. लग्न झाल्यापासून ती वर जात होती आणि ते खाली येत होते. "आमच्या घरातही हेच चालतं," असं मास्तर पाहुण्यांना सांगायचे आणि बायको डोळे वटारायची. गंमत अशी की इतक्या वर्षांत मास्तरांनी वर गेलेला चंद्र कधी पाहिलाच नव्हता. तो वर पोचायचा तेव्हा ते पडद्यामागे, जुन्या गादीवर, पाय पसरून बसलेले असायचे. त्यांच्या वाट्याला यायची ती फक्त पोरांची टाळी.

सुताराने चंद्र केला तो मास्तरांच्याच वजनाला जोखून. तेव्हा मास्तर चांगले गरगरीत होते. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, शिडी चढून गेलं की बोलायला श्वास उरेना, तेव्हा डॉक्टरांनी पोटाचं बायपास ऑपरेशन केलं. जठराची लहानशी पिशवी केली आणि ती पुढच्या आतड्याला जोडून दिली. मास्तर दोन घासांत ढेकर द्यायला लागले आणि बघता बघता निम्मे झाले. रजेनंतरच्या पहिल्या तालमीला त्यांनी माळ्यावरून पाऊल टाकलं आणि तिथेच हवेत लटकून राहिले. ते पाय झाडताहेत आणि चंद्र ढिम्म.

"अहो, या ना खाली!" चंद्रात बसलेली बायको ओरडली.

"येतोय कुठे! तूच वर जा ना!"

त्या दिवशी सगळं नाट्यगृह हसून हसून लोळलं. मग बायकोने जाड कॅनव्हासचं एक जाकीट शिवलं. पुढे दोन खिसे, मागे दोन, आणि प्रत्येक खिशात वाळूची गच्च पिशवी. ते जाकीट चढवलं की मास्तर पुन्हा चंद्राला पुरे पडायचे. मास्तरांना त्या जाकिटाचा कोण अभिमान! कोणी भेटायला आलं की ते एक पिशवी त्याच्या हातात द्यायचे. "धरून बघा. हे सगळं माझ्या अंगावर होतं." समोरचा ओणवा झाला की मास्तर समाधानाने हसायचे.

काही वर्षं अशी सुखात गेली. पिशव्या लोकांच्या हातात देण्याची हौस हळूहळू फिटली. शिडी पुन्हा उंच वाटायला लागली, पण त्याला मास्तर वय म्हणायचे. घरातला वजनकाटा बंद पडला तेव्हा सेल बदलायला हवा असं दोघंही म्हणाली आणि दोघांपैकी कोणीच तो आणला नाही. चंद्र मात्र पहिल्यासारखाच डुलत चढत होता, आणि चंद्र नीट चढतोय म्हणजे आपण नीट आहोत, अशी मास्तरांनी मनाची समजूत घालून घेतली होती.

तो प्रयोग खच्चून भरलेला होता. मास्तरांनी जाकीट चढवलं आणि ते जरा वाकले.

"आज जड लागतंय रे."

"वय झालं, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र काहीतरी मोठं काम उरकल्यासारखा फुलला होता.

निळा उजेड पडला. मामीने कंदील उचलला. "झोपा रे," एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं. मास्तरांनी पाऊल टाकलं ते थेट गादीवर धप्पकन बसले. मेहुण्याच्या हातातून दोर सरसरत गेला. त्याने जीव खाऊन धरला तेव्हा तो स्वतःच हातभर उचलला गेला. पलीकडे चंद्र रॉकेटसारखा सुटला आणि वरच्या पुठ्ठ्याच्या ढगात जाऊन घुसला. धाड! ढगातून कापूस उडाला. मामीचं डोकं आणि कंदील ढगाच्या वर, पाय खाली.

मग वरून आवाज आला, "अगं बाई! हा ढग इथे कोणी उभा केला? हॉर्न तरी वाजवावा की नाही?"

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पाय आपटून, खुर्च्यांवर उभी राहून ती ओरडत होती, "पुन्हा! मामी, पुन्हा!"

पडदा पडल्यावर बायको खाली आली ती केसांतला कापूस झटकतच. "माझ्या जाकिटाला कोणी हात लावला?"

"मी," मेहुणा छाती काढून म्हणाला. "ताई, एका खिशाची शिवण उसवली होती. बघतो तर आत वाळू कमी आणि चिंध्याच जास्त! कोणीतरी फसवणूक करतंय म्हटलं. मग चारही पिशव्या ओतल्या आणि गच्च नवी वाळू भरली. अगदी पहिल्यासारखी."

बायकोने कपाळावर हात मारला. मास्तर गादीवरून उठलेच नव्हते. मेहुण्याने कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्यांचा ढीग त्यांनी पुढे ओढला. तपकिरी, चौकटीचं कापड. ते त्यांनी लगेच ओळखलं. ऑपरेशनच्या आधीची त्यांची पँट होती ती, ज्यात आता दोन मास्तर मावले असते. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच महिने," बायको हळूच म्हणाली. "मी चंद्रात बसते ना. तुमचं वजन मला बसल्या जागी कळतं. चंद्र जरा घाईने उठायला लागला, तेव्हा मी एक वाटी वाळू काढली. मग आणखी एक. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून चिंध्या भरल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही किती खूश होता त्या जाकिटावर. कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे मला चक्क मामा बनवलंस."

"ते तुम्ही आहातच, दाजी," मेहुण्याच्या तोंडून निघून गेलं, आणि बहिणीच्या नजरेने तो तिथल्या तिथे गप्प झाला.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मास्तर, आज ढग पुठ्ठ्याचा होता म्हणून निभावलं. ज्याचं वजन कमीजास्त होतं अशा माणसाच्या भरवशावर मी कोणाला टांगणार नाही. पुढच्या हंगामाला मोटर बसवतो. बटण दाबलं की चंद्र वर."

"साहेब, मला एक संधी द्या," मास्तर म्हणाले. "हंगामाच्या आधीच्या तालमींत चंद्र चढवून दाखवतो."

"सगळ्या तालमींत. आणि त्या खिशांत वाळूच हवी. मी स्वतः हात घालून बघणार."

राहिलेल्या प्रयोगांत चंद्र जमिनीवरच ठेवला गेला. मामी त्यात बसून "झोपा रे" म्हणायची आणि पोरं तोंड पाडून विचारायची, "मामी वर का जात नाही?" पडद्यामागे मास्तरांना ते ऐकू यायचं आणि कुठे तोंड लपवू असं व्हायचं. दोर दुसऱ्याच्या हातात गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण आपल्या बायकोला एक बटण वर नेणार, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

घरी बायकोने काट्यात नवा सेल घातला. मास्तर त्यावर उभे राहिले, डोळे मिटूनच.

"बघा तरी."

"तू बघ आणि सांगू नकोस."

"आता ते दिवस गेले," ती म्हणाली आणि आकडा सांगितला. उतरलेल्यातलं निम्म्याच्या आसपास परत आलं होतं.

"डॉक्टरांकडे जायला लाज वाटते गं. एवढं ऑपरेशन केलं त्यांनी. परत पोट कापतील. कापण्याचंही एक वेळ चालेल, पण डॉक्टरीण बाई म्हणतील, तुम्हाला एवढंसुद्धा सांभाळता आलं नाही?"

"म्हणू देत. मी आहे ना बरोबर."

डॉक्टरीण बाईंनी तसलं काहीच म्हटलं नाही. त्या मध्यमवयीन, चटपटीत, आणि बोलताना पेन गोल फिरवण्याची त्यांना सवय होती. "इतके दिवस का आला नाहीत, एवढंच माझं भांडण," त्या म्हणाल्या. "काही वर्षांनी थोडं वजन परत येणं पुष्कळांच्या बाबतीत होतं. यात पास-नापास काही नसतं. आणि लगेच पोट उघडायचंही काही कारण नाही. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. आधी सांगा, दिवसभरात काय काय पोटात जातं?"

मास्तरांनी जेवण सांगितलं. अगदी बेताचं. बायकोने मान डोलावली.

"आणि मधे?"

मास्तर छताकडे बघायला लागले.

"अहो," बायको म्हणाली, "मधे काय?"

"माळ्यावर इशाऱ्याची वाट बघत बसावं लागतं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हाताला काही काम नसतं. म्हणून एक डबा ठेवलाय. बिस्किटांचा. चहात बुडवून. दोन-तीनच."

"डबा भरतं कोण?"

मास्तरांनी पुन्हा छत गाठलं. पण बायकोला उत्तर मिळालं होतं. "थांबा, घरी गेल्यावर माझ्या भावाची चंपी करते."

डॉक्टरीण बाई हसल्या. "चहात बुडवलेलं बिस्कीट तुमच्या लहान पिशवीत थांबतच नाही, घसरून जातं. भूक तशीच राहते. हे पहिलं. आहाराच्या ताईंना भेटा, त्या तुमचा डबा नव्याने भरून देतील. दुसरं, रक्त तपासू. तिसरं, तोंडातून दुर्बीण घालून आत बघू. पिशवी आतड्याला जिथे जोडली आहे ते तोंड पुष्कळदा सैल होतं. तसं असेल तर दुर्बिणीच्याच टोकाने आतून टाके घालून ते पुन्हा लहान करता येतं. पोटावर एक चीरही नाही. शिवाय भूक कमी करणारी इंजेक्शनं आहेत, आठवड्यातून एकदा घ्यायची. गरज पडली तर तीही देऊ. पण एक सांगून ठेवते, यातलं काहीही जादू नाही. वाढलेलं सगळंच जाईल असं मी कबूल करणार नाही."

"टाके घातल्यावर," मास्तरांनी विचारलं, "उडी कधी मारता येईल?"

पेन थांबलं. "कसली उडी?"

मग नवरा-बायकोने मिळून सगळं सांगितलं. चंद्र, दोर, जाकीट, चिंध्या आणि ढग. मास्तरांनी खुर्चीवर उभं राहून पाऊल कसं टाकायचं तेही दाखवलं. बाहेरची नर्स आवाज कसला म्हणून डोकावून गेली. डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "टाके नीट भरेपर्यंत उडी बंद, मी सांगेपर्यंत. पण तुमच्या पहिल्या प्रयोगाला मी येणार. पुढची रांग हवी."

दुर्बिणीने पाहिलं तर ते तोंड खरंच सैल झालेलं निघालं. मास्तरांना भूल दिली, टाके पडले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी पोटावर हात फिरवून बघितला. खरंच कुठे काही नव्हतं. घसा तेवढा खवखवत होता. पुढचे काही आठवडे नुसतं पातळ. बायकोही त्यांच्यासोबत वाटीतून गाळलेलं सूप प्यायची.

"तू कशाला? तुला कोणी टाके घातलेत?"

"माझं वजन वाढलं तर तुम्हाला आणखी वाळू लागेल. दोघांचा काटा एकच आहे."

मेहुणा त्या दिवसांत त्यांच्याकडे जेवायला आला की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा आणि आत चोरासारखा चावायचा. तरी कुरकुर ऐकू यायचीच. "हळू चाव रे," बाहेरून मास्तर ओरडायचे, "ऐकूनसुद्धा पोट भरतंय माझं!" माळ्यावरचा डबा आता आहाराच्या ताईंच्या ताब्यात होता म्हणायचं. त्यात उकडलेली अंडी आणि भाजलेले दाणे असायचे, तेही वेळ ठरवून. आणि नुसत्या हातांना चाळा म्हणून बायकोने मास्तरांना लोकर विणायला शिकवलं. त्यांनी एक मफलर विणायला घेतला, तो वाढतच गेला, कारण तो संपवायचा कसा हे त्यांनी विचारलंच नाही.

वजन उतरत होतं, पण पहिल्यासारखं धबधब्याने नाही, नळ गळावा तसं. मधेच एकदा ते अडून बसलं. मास्तर चिडले, जेवणाच्या ताटाकडे पाठ करून बसले. डॉक्टरीण बाईंनी तेव्हा इंजेक्शन सुरू केलं. पहिल्या आठवड्यांत मास्तरांना मळमळायचं आणि ते उगीच मेहुण्यावर डाफरायचे. मग तेही अंगवळणी पडलं.

उडीला परवानगी मिळाली त्या दिवशी सकाळीच तिघं रिकाम्या नाट्यगृहात गेली. बायकोने जाकीट नव्याने शिवलं होतं. चिंध्या फेकून दिल्या होत्या. ती घरच्या कपड्यांत, चपला काढून चंद्रात बसली. मास्तर माळ्यावर चढले. मधे न थांबता चढले, हे मेहुण्याने बघितलं. मास्तरांनी पाऊल टाकलं आणि हवेत लटकून राहिले. चंद्र ढिम्म.

"अहो, या ना खाली!"

"येत नाहीये!" मास्तर आनंदाने किंचाळले. "अगं, येतच नाहीये मी! वाळू घाल! वाळू!"

मेहुणा बादली घेऊन शिडीवर धावला. एक वाटी घातली, नाही. दुसरी, नाही. प्रत्येक वाटीला मास्तर लहान मुलासारखे ओरडत होते, "अजून! घाल अजून!" खिसे फुगत गेले. शेवटी चंद्राने अंग हलवलं, जरासा डुलला आणि झोपेतून उठल्यासारखा सावकाश वर निघाला. तीन पिशव्या गच्च भरल्या होत्या आणि चौथी रिकामी लोंबत होती.

"चौथी नाही भरली," गादीवर टेकल्यावर मास्तर म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

"नसू दे," वरून बायको म्हणाली. "ही खरी वाळू आहे. मला इथे बसल्या जागी कळतंय."

मॅनेजर साहेब प्रत्येक तालमीला आले आणि कबूल केल्याप्रमाणे खिशांत हात घालून बघून गेले. वजनकाटाही त्यांनी विंगेत आणून ठेवला होता. प्रत्येक तालमीला मास्तर आधी काट्यावर चढायचे आणि मग शिडीवर. चंद्र एकदाही चुकला नाही. शेवटच्या तालमीनंतर साहेब निघाले नाहीत. रुमालाशी खेळत उभे राहिले.

"मास्तर, एक विचारू? ती ढगाची धडक... ती पुन्हा जमेल का? हळू, कोणाला न लागेल अशी? लोक सारखे विचारतात. माझ्या मुलीने तर घरी डोकं खाल्लंय."

"मोटरला जमणार नाही का?" मास्तरांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"विचारलं मी त्या मोटरवाल्याला. तो म्हणाला, धडक बसू नये म्हणूनच तर मोटर असते."

मेहुणा तोंड फिरवून हसायला लागला. बायको विचारात पडली. "ढगाला मऊ गादी लावू या. आणि यांना वाळू थोडी जास्त लागेल. अगदी थोडी."

"चौथ्या खिशात," मास्तर म्हणाले.

हंगामाचा पहिला प्रयोग. पुढच्या रांगेत डॉक्टरीण बाई, शेजारी त्यांच्या घरची दोन पोरं. विंगेत मेहुण्याने चौथ्या पिशवीत दोन वाट्या वाळू घातली आणि वरून हलकेच थोपटली. माळ्यावर मास्तर मफलर विणत बसले होते. तो आता शिडीवरून खाली लोंबायला लागला होता. निळा उजेड पडताच त्यांनी सुया बाजूला ठेवल्या.

"झोपा रे भाच्यांनो," मामी म्हणाली.

मास्तरांनी पाऊल टाकलं. चंद्र डुलत निघाला, निम्म्यापर्यंत शहाण्यासारखा, आणि मग मेहुण्याने दोर जरा सैल सोडताच त्याने शेवटची उसळी घेतली. धप्प! कापूस उडाला. पोरांचा असा कल्लोळ उठला की भिंतीला लागून बसलेल्या मास्तरांच्या पाठीला तो जाणवला. ते गादीवर पाय पसरून, जाकीट पोटाशी धरून बसले होते. आजही त्यांना चंद्र दिसत नव्हता. पण ढगाच्या वर डोकं निघालेल्या मामीला पडद्यापलीकडचं सगळं दिसत होतं.

"अगं बाई, पुन्हा हाच ढग!" ती म्हणाली. मग वाकून तिने मागच्या बाजूला खाली बघितलं आणि नाटकात नसलेलं एक वाक्य म्हटलं, "भाच्यांनो, तुमचा मामा कुठे आहे माहीत आहे का? खाली बसलाय आणि माझ्याकडे न बघताच हसतोय!"

"हाक मार त्याला!" पोरं ओरडली.

"अहो मामा!" मामीने हाक मारली.

आणि इतक्या वर्षांत पडद्यामागून कधी ब्र न काढलेले दोरमास्तर घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "आलो, आलो! आधी तू खाली ये, म्हणजे मी वर येतो!"